कुलूप घातलेली खरखर

आमच्या घरात दुपारी दीड ते चार बोलायला बंदी होती. अब्बा जोहरची नमाज पढून यायचे, जेवायचे, हात पुसायचे आणि दुकान व घर यांच्यामधला निळा पडदा ओढून घ्यायचे. त्यानंतर अम्मीच्या हातून नुसतं झाकण पडलं तरी पडद्यामागून "शूऽऽ" यायचं. घाटंजीच्या बाजाररस्त्यावर आमचं घर. पुढच्या खोलीत अब्बांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या आणि बोरीच्या झाडाचं एक अंगण. त्या वर्षी मी बारावीत इंग्रजीत गचकून घरी बसले होते, त्यामुळे या दुपारी माझ्या वाट्याला पुरेपूर आल्या. पडद्यातून निळसर उजेड फरशीवर उतरायचा, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे कुचूकुचू जायच्या, अम्मी सूप मांडीवर घेऊन तुरीच्या शेंगा सोलायची, आणि आतून एक बारीक फसफस सारखी चालू असायची. मी पुस्तक उघडं ठेवून डोळे मिटायचे. माझा अभ्यास असाच व्हायचा, आणि आज मी शाळेत पोरांना मराठी शिकवते यावर माझाच कधी कधी विश्वास बसत नाही.

ती फसफस होती स्कॅनरची. हातात मावेल एवढा काळा डबा, वर अँटेना, पुढे आकडे चमकणारी छोटी काच. कोणत्या आकड्यावर कोण बोलतं ते तो स्वतःच शोधत फिरायचा आणि कुठे आवाज सापडला की थबकायचा. अब्बांनी तो नागपूरच्या जुन्या बाजारातून आणला होता, कारण तेव्हा जवळच्या अभयारण्याच्या रेंजवरचे, म्हणजे तिथल्या वनखात्याच्या ठाण्यावरचे, वायरलेस सेट आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. सेट उघडायचा, बटण साफ करायचं, बॅटरी बदलायची, आणि तो बरोबर बोलतो की नाही हे स्कॅनरवर ऐकायचं. पुढे ते सेट यायचे बंद झाले, रेडिओ तर त्याच्याही आधी बंद झाले होते, पण स्कॅनर टेबलावरच राहिला. नुसतं ऐकत बसायला परवाना लागतो, हे अब्बांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पडदा. आमचे अब्बा म्हणजे सिग्नल नसलेल्या चौकातसुद्धा थांबणारा माणूस, आणि आयुष्यात हा एकच गुन्हा त्यांनी रोज, वेळेवर, जेवून केला.

त्याला कारण होतं माझा मोठा भाऊ, अनिस. दुरुस्त झालेले सेट रेंजवर पोचवायला अब्बा त्यालाच पाठवायचे. पोट्टा जायचा सकाळी आणि यायचा संध्याकाळी, सागाची वाळलेली पानं डोक्यात घेऊन, आणि जेवताना फक्त जंगल बोलायचा. एक दिवस त्यानं सांगितलं की तिथं रोजंदारीवर जीप चालवायची आणि सेट सांभाळायचं काम मिळतंय, मी चाललो. अब्बांनी पिढीजात दुकानाचं नाव काढलं. तेव्हा भाई जे बोलला ते मी पाठीमागे उभी राहून ऐकलं. "अब्बा, तुमच्या दुकानात आता दुरुस्तीले काय येते? धूळ येते." अब्बांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग जा. आणि तुले माह्याशी बोलाची गरज नाई." आमच्याकडे भांडणं आरडाओरडा करून होतात आणि चहाबरोबर मिटतात. हे भांडण हळू आवाजात झालं, म्हणून ते मिटलं नाही. भाई रेंजवरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. तिथं मोबाईलची एक कांडीही येत नव्हती, त्यामुळे अम्मीनं लावला तरी फोन बंदच लागायचा.

आणि मग पडदा ओढला जाऊ लागला. सुरुवातीला ते आवाज अगदी उघडे होते. पाणवठा तीनवर सांबरं आली. नाल्याच्या पलीकडं वाघिणीचे ताजे पगमार्क, बछडे सोबत. कोणीतरी विचारायचं, "जेवले का?" आणि कोणीतरी जंगलातून उत्तर द्यायचं, "भाकर हाये, ठेचा संपला." मी पुस्तक बाजूला सारून पडद्याला कान लावायचे. वाटायचं, आपण फरशीवर नाही, कुठेतरी उंच झाडावर बसलो आहोत आणि खालून हलक्या पावलांनी सगळं जंगल चाललं आहे. मधेच भाईचा आवाज यायचा. त्याच्याआधी नेहमी एक छोटीशी "टक्" व्हायची. ती अब्बांचीच शिकवण. जुन्या सेटच्या बटणावर काजळी बसते, पहिल्या दाबात पहिला शब्द खाल्ला जातो. म्हणून त्यांच्या टेबलावर शिकलेल्या प्रत्येकानं आधी एकदा नुसतं दाबायचं, सोडायचं, दम घ्यायचा, आणि मग दाबून बोलायचं. "पहिला दाब बटणाचा, दुसरा माणसाचा," असं ते म्हणायचे. भाई तसंच करायचा. टक्, मग आवाज. अब्बा चार वाजता पडदा सरकवून बाहेर यायचे आणि भिंतीकडे पाहून म्हणायचे, "सर्दी झालेली दिसते." अम्मी त्या रात्री अद्रक जास्त घालून चहा करायची. आता भाई पंचवीस किलोमीटरवर असताना त्या चहाचा काय उपयोग? पण करायची.

मग एक दिवस आवाज बंद पडले. बंद म्हणजे, स्कॅनर थबकायचा, आकडा चमकायचा, पण माणसाच्या जागी नुसती खरखर. चक्कीत मिरच्या घातल्यावर जशी दळणाची घरघर बदलते तशी, एकसुरी, दात आंबवणारी. अब्बांनी अँटेना बदलली, छतावर तारेसाठी लावलेला बांबू आणखी उंच केला, स्कॅनर उघडून पुन्हा बंद केला. तिसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. मी तर उडालेच, पडद्याच्या आत मी कधी गेले नव्हते. म्हणाले, "बेटा, यायनं नवीन डिजिटल सेट घेतले. आवाजाचे आकडे करतेत, आकड्यायले कुलूप लावतेत. चाबी त्यायच्याच सेटात." मी विचारलं, "तुमच्यानं उघडत नाई?" ते थोडे चिडले. "कोणाच्यानंच उघडत नाई. आणि उघडाचंही नाई. वाघीण कुठी बसली हे आपल्यासारखंच अजून कोणी ऐकत असंल तर? बरोबर केलं त्यायनं." एवढं बरोबर केलं म्हणताना त्यांचा चेहरा मात्र कोणी घरातून सामान उचलून नेल्यासारखा झाला होता.

पण माणूस असा सहज हार मानतो होय? अब्बा खरखर ऐकत बसले. आठ-दहा दिवसांनी चार वाजता बाहेर आले ते डोळे चमकवत. "शम्मो, इकडं ये. ऐक." स्कॅनर थबकला. "खर्." एवढीशी, चिमटीत मावेल एवढी. मग अर्धा श्वास शांतता. मग "खर्रर्रर्रर्र" लांबलचक. अब्बांनी माझा हात धरला. "पहिला दाब बटणाचा," ते हळूच म्हणाले. कुलूप शब्दांना होतं, दाबण्याला थोडंच होतं? काय बोलतो ते कळत नव्हतं, पण बोलतो आहे हे कळत होतं. त्या दिवशी घरात ईद झाली म्हटलं तरी चालेल. अम्मीनं तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात केला, भाईच्या आवडीचा, आणि आम्ही तिघांनीच तो पातेलं खरवडून खाल्ला.

पुढचं जवळजवळ वर्ष आम्ही त्या खरखरीवर काढलं. मला ते वर्ष आठवतं ते झोपेत पाहिल्यासारखं. पाऊस येऊन गेला, सोयाबीन निघालं, कापूस फुटला, मी पुन्हा परीक्षा दिली आणि काठावर पास झाले, आणि रोज दुपारी निळ्या उजेडात ती छोटी खर् आणि मोठी खर्रर्र येत राहिली. हळूहळू ती मला खरखर वाटेनाशी झाली. लांबी ऐकून मी ठरवायचे की आज भाई खुशीत आहे, आज घाईत आहे, आज त्याला कोणी रागावलं. अब्बा तर पार विरघळले होते; आता सकाळी दहाच्या हजेरीला, सगळे सेटवर आपापली खबर देतात तेव्हाही, ते पडदा ओढायचे. जेवताना स्वतःशीच म्हणायचे, "निम्मा दिवस तं आपलाच बोलते. साहेबाचा भरवसा हाये पोट्ट्यावर." अम्मी म्हणायची, "मंग एकदा जाऊन भेटून या ना." यावर अब्बा ताटाकडे पाहायचे. "त्यानं यावं. लहान तो हाये." मीही कधी हट्ट धरला नाही. आज याचीच लाज वाटते. आम्हाला रोज त्याची खबर मिळत होती ना, मग भेटायची घाई कशाला? अशी सोय माणसाला फार आळशी करते, मी स्वतःच्या अनुभवानं सांगते.

थंडीचे दिवस होते, बाजाराचा दिवस. दुपारी अडीचच्या सुमारास दुकानात लच्छूदादा आला. हा रेंजवरचा कोलाम आदिवासी वनमजूर, सेट पोचवायच्या काळापासून ओळखीचा, बाजाराला आला की आमच्या बाकावर बसून पाणी पिणारा. त्या दिवशी टॉर्च दुरुस्तीला घेऊन आला होता. अब्बांनी पडदा सरकवला, टॉर्च हातात घेतली. लच्छूदादा पाणी प्याला आणि सहज म्हणाला, "आता बरं हाये अनिसभाऊचं. दोन घास जाऊन राह्यले पोटात."

अब्बा टॉर्चच्या आत फुंकर मारत होते. "काय झालं त्याले?"

"टायफाईड ना. आज अकरावा दिवस. पाच दिवस तं दवाखान्यात सलाईन लावून होता." मग तो आम्हा दोघांकडे पाहायला लागला. "म्हंजे, तुमाले माहीतच नाई?"

अब्बा हसले. खरंच हसले. "अबे लच्छू, दुसऱ्या कोणाचं सांगून राह्यला तू. आमचा अनिस आज सकाळी दहाले बोलला. मी ऐकलं ना."

जंगल खात्याच्या माणसासमोर अब्बा आपल्या तोंडानं आपला गुन्हा कबूल करून बसले होते. लच्छूदादानं अर्धवट सरकलेल्या पडद्याकडे पाहिलं, तिथं टेबलावर स्कॅनर चमकत होता. भला माणूस, त्यानं नजर काढून घेतली. पण जे सांगायचं ते सांगितलं. "चाचा, त्याचा सेट अकरा दिवसांपासून माह्याजवळ हाये. सकाळी दहाले मी बोललो." आणि थोडं थांबून, खाली पाहत, "घरी सांगू नको म्हणे. इचारलं तरच सांग म्हणे. कोणी इचारलंच नाई. बरा झाला की चंद्रपूरकडे जातो म्हणते आता, कायमचा. मोठ्या साहेबाजवळ अर्ज देल्ला त्यानं."

अम्मी मधल्या दारात उभी होती. मी आयुष्यभर तिला अब्बांवर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "तुम्ही रोज सांगत होते, बरा हाये, बोलून राह्यला," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर अकरा दिवस मी पोटभर जेवली. माहं लेकरू तिथं सलाईनवर होतं आणि मी इथं पुन्हा सोलेभात करून खाल्ला!" अम्मी चुलीकडे वळली, मुगाची पातळ खिचडी टाकली, डबा बांधला, माझ्या हातात दिला. "शम्मो, तू जाय यायच्यासंगं. मी आली तं नुसती रडत बसीन. त्याले म्हण, मी वाट पाहून राह्यली."

साडेतीनची एसटी होती. अब्बा खिडकीशी बसले, मांडीवर कापडी थैली. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, बायका वेचणी करत होत्या, त्यांच्या ओट्या पांढऱ्या फुगलेल्या, आणि ऊन असं मऊ की कोणाचं काही वाईट होत असेल यावर विश्वास बसू नये. अब्बा सगळ्या रस्त्यात एकदाच बोलले. "मले वाटलं, मी त्याच्यावर नजर ठेवून हाये." मला त्यांचा राग आला होता, माझा स्वतःचा त्याहून जास्त आला होता, आणि तरी त्या क्षणी मला त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं. धरलं नाही. बसमध्ये माणसं होती.

फाट्यावर उतरून अर्धा कोस चाललो. क्वार्टर म्हणजे एक खोली, दाराशी पाण्याचा माठ. भाई खाटेवर पडला होता. त्याचे केस विरळ झाले होते, गालांची हाडं वर आली होती, आणि गोधडीखाली माणूस आहे की नुसती घडी, असा प्रश्न पडावा. मला पाहून हसला. मागून अब्बा आत आले तसं हसू गेलं. "काहून आले? मी तं बोलावलं नाई."

अब्बा भिंतीकडे गेले आणि बल्बचं बटण तपासायला लागले. "हे ढिल्लं हाये," म्हणाले. भाईनं डोळे मिटले. "बटण पाहाले आले का तुम्ही? आता आठ-दहा दिवसांत निघतो मी चंद्रपूरकडे. मंग कोणालेच त्रास नाई." मला कळत होतं की अब्बा आता बोलले नाहीत तर हा पोरगा खरंच जाईल आणि आमचा कधीच होणार नाही. पण माझ्या आधी अब्बांनीच थैली उघडली. अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला स्कॅनर त्यांनी भाईच्या उशाशी ठेवला.

"हे काय?"

"सालभर हे ऐकून राह्यलो मी," अब्बा म्हणाले. "रोज. शब्द समजत नाई. पण तू दाबतो ते समजते. म्हून मले वाटलं, तू बरा हाये." आणि त्यांनी बटण फिरवलं.

संध्याकाळची हजेरी चालू होती. स्कॅनर थबकला. खर्. शांतता. खर्रर्रर्र. अब्बा पुढे वाकले, आता इथं अंथरुणावर समोर मुलगा असताना हे कोण बोलतं आहे, ते त्यांना बघायचं होतं. भाई उठून कोपरावर टेकला, ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हे राठोड मॅडम. वनरक्षक." पुन्हा खर्, पुन्हा लांब. "हा सुखदेव. नाक्यावरचा." पुन्हा. "हे आमचे जमादार." तो अब्बांकडे पाहायला लागला. "तुम्ही शिकवलं होतं ना. जुने सेट शेवटी शेवटी लय खराब झाले, तवा सगळ्यायले शिकवलं मी. म्हटलं, माह्या अब्बाची पद्धत हाये. सगळी रेंज असंच करते आता. नवीन आले तेही करतेत, काहून करतेत ते त्यायले माहीत नाई."

म्हणजे निम्मा दिवस आपलाच बोलतो, ते हे होतं. अब्बा खाटेच्या कडेला बसले. त्यांना हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही, कारण मलाही दोन्ही येत होतं. "आणि तुही?" त्यांनी विचारलं. "यातली तुही कोणती राहाची?"

भाई परत उशीवर टेकला. "माही नाई, अब्बा. नव्या सेटले ते लागत नाई. दाबलं की आतूनच टुंग वाजते, मंग बोलाचं. नवा सेट हातात आला तवाच मी ते सोडून देल्लं." मग एकदम बारीक आवाजात, लहानपणी काच फोडल्यावर म्हणायचा तसं, "मले काय मालूम, तुम्ही ऐकता म्हून."

वर्षभर. आमच्या घरात त्यानं वर्षभर रोज बोलावं आणि त्यात त्याचा एक श्वाससुद्धा नसावा. अब्बांनी स्कॅनर बंद केला. फसफस थांबल्यावर खोलीत एवढी शांतता झाली की बाहेर कुणाच्या तरी सायकलची चेन ऐकू आली. ते खाटेवर सरकून बसले, भाईच्या अगदी जवळ, आणि म्हणाले, "आता बोल."

"काय बोलू?"

"शिव्या दे. पण तुह्या तोंडानं दे."

भाईनं माझ्याकडे पाहिलं. मी डबा उघडण्यात गुंतल्यासारखं केलं. मग तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग सपाट्यानं. दुकानात त्याला कधी साधा निर्णय घेऊ दिला नाही ते, शाळेत असताना मित्रांसमोर थोबाडीत मारली होती ते, सलाईन लावलं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पोराचा बाप पाय चेपत बसला होता आणि हा दाराकडे बघत होता ते. त्यातलं काही खरं होतं, काही त्यानं तापात वाढवलं होतं, आणि दुसरा दिवस असता तर अब्बांनी प्रत्येक वाक्य मधेच तोडलं असतं. माझ्या आठवणीत त्यांनी कोणाचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी ते "हाव" म्हणत राहिले. "हाव. मारली होती. हाव, चुकलं." दारातलं ऊन उतरत गेलं, खिचडी थंड झाली, परतीची एसटी फाट्यावरून कधी निघून गेली ते आम्हाला कळलंही नाही. बोलता बोलता भाईला दम लागला आणि तो खोकत थांबला. अब्बांनी माठातून पाणी घेतलं, त्याची मान हातावर धरून त्याला घोट घोट पाजलं, हनुवटीवर सांडलेलं आपल्या बाहीनं पुसलं, आणि विचारलं, "आणखीन?"